ताकद आल्यावर किमो घेऊ का? आणि पत्राच्या शेवटची ती एक ओळ

पत्राचा सारांश: ताईंचं वय ५६. पाच आठवड्यांपूर्वी मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूची गाठ ऑपरेशन करून काढली. सर्जन म्हणाले गाठ पूर्ण निघाली, कडा स्वच्छ आहेत, आणि घरात सगळ्यांनी हुश्श केलं. मग बायॉप्सीचा मोठा रिपोर्ट आला, तपासलेल्या १८ लिम्फ नोडपैकी (आतड्याजवळच्या छोट्या गाठी) २ मध्ये कॅन्सर, टी३ एन१ (टी म्हणजे गाठ आतड्याच्या भिंतीत किती खोल गेली, एन म्हणजे किती नोडमध्ये कॅन्सर पोचला), म्हणजे तिसरी स्टेज. ऑन्कॉलॉजिस्टनी किमो सांगितली आणि दोन पर्याय ठेवले, एक सलाईन आणि गोळ्यांचा तीन महिन्यांचा, दुसरा पंपवाला सहा महिन्यांचा. ताईंचं वजन सात किलोने उतरलंय, दिवसातून चार-पाच वेळा शौचाला जावं लागतं, जिना चढला की दम लागतो. काही वर्षांपूर्वी जाऊबाईंची किमो त्यांनी जवळून बघितली, ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो. त्या लिहितात, "मी सोशिक आहे, ऑपरेशनच्या वेळी पण कुणाला त्रास दिला नाही, किमो पण सहन करेन, पण आधी दोन-तीन महिने ताकद येऊ दे असं वाटतं. तसंही गाठ तर निघालीच आहे. थांबलं तर चालेल का, आणि तयारी काय करू?" आणि अगदी शेवटी, "दहा वर्षांपासून शुगर आहे, तळपायांना अधूनमधून मुंग्या येतात, पण ते जुनंच आहे म्हणून डॉक्टरांना सांगितलं नाही."

ताई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळेला एकाच ठिकाणी अडकले, ती मुंग्यांची ओळ, जी तुम्ही जाता जाता लिहून टाकलीत. तिच्याकडे मी येणारच आहे, कारण तुमच्या अख्ख्या पत्रात डॉक्टरांच्या सगळ्यात कामाची ओळ तीच आहे आणि नेमकी तीच त्यांच्यापर्यंत पोचलेली नाहीये. पण आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण पाच आठवडे होऊन गेलेत.

दोन-तीन महिने थांबू नका.

मी डॉक्टर नाही. माझ्या थोरल्या बहिणीची हीच किमो मी शेजारी बसून बघितली आहे, त्यामुळे जे लिहितेय ते तुमच्या ऑन्कॉलॉजिस्टसमोर बसताना सोबत न्यायचं म्हणून लिहितेय, त्यांच्याऐवजी नाही. ऑपरेशननंतरची किमो साधारण चार ते आठ आठवड्यांच्या आत सुरू करतात. २०११ साली आलेल्या एका मोठ्या अभ्यासात आधीच्या बऱ्याच अभ्यासांमधले १५ हजारांहून जास्त पेशंट एकत्र धरून बघितले होते, तर किमो सुरू व्हायला दर चार आठवडे जास्त लागले की मृत्यूचा धोका साधारण १४ टक्क्यांनी वाढलेला दिसला. आता हा आकडा वाचून घाबरून जाऊ नका, याचा अर्थ शंभरातले चौदा जण जास्त जातात असा नाहीये, मुळात जेवढा धोका आहे त्याच्या चौदा टक्के वाढतो असा आहे. पण दोन-तीन महिने म्हणजे त्यात भरच पडत जाणार, आणि उशीर जितका वाढतो तितका किमोचा फायदा पातळ होत जातो. तुमच्याकडे अजून दोन-तीन आठवडे आहेत आणि तयारीला तेवढे पुरतात.

थांबायची खरी कारणं पण असतात बरं का. जखम भरली नसेल, आत पू झाला असेल, ताप असेल, जोडलेल्या आतड्याचा काही त्रास असेल तर डॉक्टर स्वतःच सांगतात थांबा म्हणून, आणि तेव्हा थांबायचंच, कॅलेंडर बघून घाई करायची नाही. वजन सात किलो उतरलंय आणि जिन्यात दम लागतो हे पण डॉक्टरांना सांगा, हिमोग्लोबिन कमी असेल तर त्यावर उपाय आहेत, आयर्न देता येतं. पण "पूर्वीसारखी ताकद आली की मग" हे जे तुमच्या मनात आहे ना, ती पूर्वीसारखी ताकद पोटाच्या मोठ्या ऑपरेशननंतर यायला कित्येक महिने लागतात. ती यायची वाट बघितली तर किमोची वेळ निघून जाते. किमो सुरू करायला जेवढं अंग सावरलेलं लागतं ते फार कमी असतं, जखम भरलेली, स्वतःचं स्वतः उठता बसता येतंय, दिवसातला बराचसा वेळ अंथरुणाबाहेर जातोय, थोडं का होईना खाल्लेलं टिकतंय. तुमच्या पत्रावरून मला वाटतं तुम्ही तिथे पोचलाय किंवा पोचत आलाय.

आता "तसंही गाठ तर निघालीच आहे" हे वाक्य. हे वाक्य मला प्रत्येक दुसऱ्या पत्रात दिसतं आणि यात पेशंटची काही चूक नसते, कारण सर्जन खरंच सांगतात की सगळं निघालं, आणि जे डोळ्याला दिसतं, हाताला लागतं, सीटी स्कॅनमध्ये येतं ते सगळं खरंच निघालेलं असतं. पण तुमच्या दोन लिम्फ नोडमध्ये कॅन्सर सापडला याचा अर्थ त्याच्या पेशी आतड्याच्या भिंतीतून बाहेर पडून प्रवासाला लागल्या होत्या. त्यातल्या काही पुढे लिव्हरमध्ये, फुफ्फुसात कुठेतरी जाऊन बसल्या असतील किंवा नसतीलही, आणि असल्या तर इतक्या बारीक की कुठल्याच स्कॅनमध्ये दिसत नाहीत. तिसऱ्या स्टेजचं ढोबळ गणित असं सांगतात की शंभर जणांमधले साधारण पन्नास नुसत्या ऑपरेशननेच बरे होतात, आणखी वीसेक जण किमोमुळे वाचतात, आणि तीसेक जणांना किमो घेऊनही कॅन्सर परत येतो. तुम्ही त्या पन्नासात आहात का वीसात हे आज कुणीच सांगू शकत नाही, म्हणून सगळ्यांनाच किमो देतात. हे ऐकायला बरं वाटत नाही मला माहिती आहे. मनात "आपण नक्की पहिल्या पन्नासातच असणार" असं येतंच. पण किमो घ्यायची का नाही हा निर्णय शेवटी तुमचा आहे, आणि तो हे गणित समोर ठेवून घ्यायचा, गाठ निघाली या समाधानावर नाही.

जाऊबाईंबद्दल. तुम्ही त्यांना कुठला कॅन्सर होता ते लिहिलं नाहीये, फक्त त्यांचे केस गेले, तोंड सोललं आणि त्या दिवस दिवस भिंतीकडे तोंड करून पडून असायच्या एवढं लिहिलंय. ते चित्र मी पुसू शकत नाही. पण किमो हे एका औषधाचं नाव नाहीये, शेकडो औषधं त्या एकाच शब्दात मोडतात आणि प्रत्येकाचा त्रास निराळा असतो. तुम्हाला जी सांगितली आहे त्यात केस सहसा पूर्ण जात नाहीत, विरळ होतात. उलटी-मळमळ होऊ शकते, पण त्यावरची औषधं आता चांगली आहेत, फक्त ती मळमळ सुरू व्हायची वाट न बघता सांगितलेल्या वेळेला घ्यायची असतात. तुमच्या किमोचा खास त्रास दुसराच आहे, तो बोटांचा आणि थंडाव्याचा, आणि त्याची भीती तुम्हाला कुणी घातलीच नाहीये कारण जाऊबाईंना बहुतेक तो झाला नव्हता. म्हणजे तुम्ही ज्याला घाबरताय ते तुमच्या वाट्याला येईलच असं नाही, आणि जे येण्याची जास्त शक्यता आहे ते तुम्ही शेवटच्या ओळीत जुनं म्हणून सोडून दिलंय.

तर त्या मुंग्या.

दोन्ही पर्यायांमध्ये ऑक्झॅलिप्लॅटिन नावाचं औषध आहे. हे औषध नसांवर काम करतं, म्हणजे नसांना इजा करतं. एक त्रास लगेचचा, सलाईन झाल्यावर पुढचे तीन-चार-पाच दिवस थंड वस्तूला हात लागला की झिणझिण्या, टोचल्यासारखं, हा बहुतेकांना होतो आणि ओसरतो. दुसरा साठत जाणारा, प्रत्येक सायकलबरोबर, म्हणजे औषध आणि मधली सुट्टी मिळून होणाऱ्या एका फेरीबरोबर, बोटांत आणि तळपायांत मुंग्या, बधिरपणा थोडा थोडा मागे राहत जातो, किमो संपल्यावरही दोन-तीन महिने वाढू शकतो, बऱ्याच जणांचा हळूहळू कमी होतो पण काहींचा कायमचा थोडाफार उरतो. आणि ज्यांच्या नसा शुगरने आधीच दुखावलेल्या आहेत त्यांच्या बाबतीत डॉक्टरांना हे औषध देताना वेगळा विचार करावा लागतो. किती द्यायचं, किती दिवस द्यायचं, कधी थांबवायचं, काही वेळा द्यायचंच का. ते काढून नुसत्या गोळ्यांवर किमो देण्याचाही पर्याय असतो, त्यात फायदा थोडा कमी होतो पण उरतो. हा सगळा विचार डॉक्टर तेव्हाच करणार जेव्हा त्यांना मुंग्यांबद्दल कळेल. ते रिपोर्टमध्ये दिसत नाही ताई. रक्तात येत नाही, स्कॅनमध्ये येत नाही, तुम्ही सांगितलं तरच कळतं.

आणि इथे मला तुमच्या सोशिकपणाबद्दल बोलायचंय, कारण माझी बहीण पण अशीच. सोशिक म्हणून घराण्यात नाव. तिची सहा महिन्यांची किमो होती, प्रत्येक वेळेला डॉक्टर विचारायचे मुंग्या किती वेळ राहतात, आणि ही म्हणायची, नाही हो, दोन दिवसात जातात. मी बाजूलाच बसलेली असायचे आणि मला पण खरं वाटायचं. मग एका सकाळी मी तिच्या खोलीत गेले तर ती पलंगाच्या कडेला बसून गाऊनचं वरचं बटण लावत होती. लावत होती म्हणजे बटण चिमटीत धरायची, ते निसटायचं, परत धरायची, नजर बोटांवर खिळलेली, लहान मुलं पहिल्यांदा बटण लावायला शिकतात तशी. मी दारात उभी राहून बघत होते, चार-पाच वेळा तरी निसटलं असेल. मला बघितल्यावर तिने पटकन ओढणी घेतली. तेव्हा कळलं की तीन सायकलपासून मुंग्या जातच नव्हत्या. तिने सांगितलं नाही कारण तिला वाटलं डोस कमी करतील आणि मग कॅन्सर परत येईल.

डॉक्टरांनी ऐकल्यावर ऑक्झॅलिप्लॅटिन थांबवलं आणि बाकीचं औषध चालू ठेवलं, किमो पूर्ण झाली. हे तिला आधी कुणी सांगितलं असतं की एक औषध कमी केलं म्हणजे उपचार वाया जात नाहीत, ते अगदी नेहमीचं आहे, तर तिने सांगितलं असतं. आज ती ठीक आहे, हिंडते फिरते, पण पायाची बोटं बधिर राहिली, चप्पल पायातून निघून गेलेली तिला कळत नाही. तीन सायकल आधी बोलली असती तर कदाचित एवढं राहिलं नसतं. म्हणून तुम्ही "सहन करेन" असं लिहिलंत ना, तिथे मला धस्स झालं. ऑपरेशनमध्ये सोशिकपणा कामाला येतो, तिथे तुम्हाला झोपवतात आणि काम सर्जन करतो. किमोमध्ये पुढच्या डोसचं माप तुमच्या सांगण्यावर ठरतं.

आता दोन पर्यायांचं. तुमच्यासारख्या टी३ एन१ साठी तीन महिन्यांचा पर्याय डॉक्टरांनी ठेवला त्याला आधार आहे. आधी सगळ्यांना सहा महिने द्यायचे. मग सहा वेगवेगळ्या ट्रायल एकत्र करून, १२ हजारांहून जास्त पेशंटवर तीन महिने विरुद्ध सहा महिने असं तपासलं, आयडिया नावाचा तो अभ्यास, २०१८ मध्ये आला. त्यात असं दिसलं की कमी धोक्याच्या गटात, म्हणजे टी१ ते टी३ आणि एन१, सलाईन अधिक कॅपेसिटाबिन गोळ्या असा जो कोर्स आहे तो तीन महिने घेतला तरी सहा महिन्यांच्या जवळपास सारखाच फायदा मिळतो. टी४ किंवा एन२ असेल तर मात्र सहा महिन्यांकडेच कल असतो. आणि नसांचा मध्यम किंवा त्याहून जास्त त्रास सहा महिनेवाल्यांमध्ये जवळजवळ निम्म्या लोकांना झाला, तीन महिनेवाल्यांमध्ये साधारण सहातल्या एकाला. तुमच्या मुंग्या आणि हे आकडे शेजारी शेजारी ठेवले तर मला स्वतःला तीन महिन्यांचा पर्याय तुमच्यासाठी जास्त बरा वाटतो, पण हे डॉक्टरांना थेट विचारा, असंच विचारा की माझ्या पायांना आधीच मुंग्या आहेत, मग तीन महिने का सहा, आणि ऑक्झॅलिप्लॅटिन कुठल्या टप्प्यावर थांबवाल.

रोजच्या जगण्यात फरक असा पडतो. तीन महिन्यांच्या कोर्समध्ये दर तीन आठवड्यांनी एकदा सलाईन, मग घरी १४ दिवस सकाळ-संध्याकाळ गोळ्या, मग ७ दिवस सुट्टी, अशा चार सायकल. गोळ्या जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत घ्यायच्या, एखादी राहिली तर पुढच्या वेळेला डबल नाही घ्यायची. सोपं वाटतं पण जबाबदारी घरावर येते, कारण त्रास वाढला तर गोळी थांबवायची का हे विचारायला तुम्हीच फोन करायचा असतो. पंपवाल्यामध्ये दर दोन आठवड्यांनी, छातीत कातडीखाली पोर्ट, म्हणजे औषध आत सोडायची छोटी डबी, बसवतात आणि ४६ तास एक छोटा पंप कमरेला लावून घरी पाठवतात, तोच घेऊन झोपायचं, तोच घेऊन बाथरूमला जायचं. ज्यांना गोळ्या गिळायला, लक्षात ठेवायला जमत नाही किंवा उलट्यांमुळे पोटात टिकत नाहीत त्यांना पंप बरा पडतो.

सुरू व्हायच्या आधी डॉक्टरांना विचारायच्या दोन टेस्ट, कारण या अगदी सगळीकडे आपोआप होतातच असं नाही. एक डीपीवायडीची. काही लोकांच्या शरीरात ही गोळी किंवा पंपातलं औषध मोडून बाहेर टाकणारं एन्झाइम जन्मतः कमी असतं, त्यांना नेहमीच्या डोसनेच जिवावर बेतू शकतं. असे लोक थोडे असतात, पण आधी कळलं तर डोस कमी करता येतो. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०२० सालीच सांगितलंय की ही टेस्ट आधी करा. दुसरी हिपॅटायटिस बीची, कारण जुना, झोपलेला व्हायरस किमोत उठू शकतो. आणि गाठीवरची एमएमआर टेस्ट (पेशीतल्या डीएनएच्या चुका दुरुस्त करणारी प्रथिनं गाठीत आहेत का ते बघणारी) झाली आहे का हे पण विचारा, त्यावरून उपचार आणि घरातल्या बाकीच्यांची तपासणी दोन्ही ठरू शकतं.

औषधांची यादी करा, सगळी, शुगरची, बीपीची, आणि कुणीतरी प्रेमाने आणून दिलेल्या ताकदीच्या पावडरी, झाडपाल्याच्या गोळ्या, व्हिटॅमिनं ती पण. रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल तर किमोच्या गोळ्यांबरोबर त्याचा परिणाम धोकादायक वाढतो. फिटची फेनिटॉइन गोळी असेल तर ती पण सांगा. फॉलिक अ‍ॅसिडसुद्धा साधं व्हिटॅमिन वाटतं पण या किमोचा त्रास वाढवू शकतं. शुगरचं वेगळं विचारा, कारण उलटीसाठी जे इंजेक्शन देतात त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं आणि त्या दोन-तीन दिवसात शुगर उसळते, मग खाणं कमी झालं की उलट खाली येते, तेव्हा कुठला डोस कधी बदलायचा आणि कुणाला फोन करायचा हे आधीच लिहून घ्या.

दातांच्या डॉक्टरकडे याच आठवड्यात जाऊन या. किडलेला, पू धरलेला दात किमोच्या मधोमध ठणकायला लागला तर तेव्हा काढणं अवघड होतं. फ्लूची लस घ्यायची असेल तर पण सुरू व्हायच्या आधीच विचारा.

आणि एक गोष्ट जी कुणी सांगत नाही, आत्ता, किमोच्या आधी, तुमचं रोजचं नॉर्मल लिहून ठेवा. तुम्ही चार-पाच वेळा जाता, ते ऑपरेशननंतरचं आहे. पुढे किमोने जुलाब झाले आणि नर्सने विचारलं किती वेळा, तुम्ही म्हणालात आठ, तर त्यांना हे चार माहिती असल्याशिवाय त्या आठचा अर्थ लागणार नाही. रोजच्यापेक्षा चार किंवा जास्त वेळा वाढलं, किंवा रात्री उठून जावं लागायला लागलं की फोन करायचा, आणि जुलाबाची गोळी कुठली, किती, हे आधीच विचारून घरात आणून ठेवायची. तसंच मुंग्या कुठे, किती बोटांना, दिवसातून किती वेळ हे पण. साधी वही पुरे. वजन आठवड्यातून एकदा.

ताकदीचं म्हणाल तर ती पडून राहून साठत नाही हो. रोज चाला, दहा मिनिटं करता करता वीस, दिवसातून दोनदा, जड उचलणं मात्र सर्जन हो म्हणेपर्यंत नाही. खाणं थोडं थोडं पण पाच-सहा वेळा, प्रत्येक वेळेला प्रथिनं असलेलं काहीतरी. २०२५ साली चॅलेंज नावाचा एक अभ्यास आला, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची किमो संपलेल्या ८८९ लोकांचा. त्यातल्या निम्म्यांना तीन वर्षं नीट शिस्तीत, मागे लागून व्यायाम करायला लावला, आणि पाच वर्षांनी कॅन्सर परत न आलेले, जिवंत असलेले लोक व्यायामवाल्यांत साधारण ८० टक्के आणि दुसऱ्या गटात ७४ टक्के होते. बहुतेकांचा व्यायाम म्हणजे भरभर चालणंच. ते किमोनंतरचं आहे, पण सवय आत्ता लागली तर तेव्हा सोपं जाईल.

पहिल्या सलाईनच्या आदल्या रात्रीची तयारी सांगते. हातमोजे फ्रिजच्या दाराला अडकवून ठेवा, नाहीतर सवयीने तुम्ही उघडणार आणि आतली बाटली धरणार. माझ्या बहिणीने दुसऱ्या दिवशी सकाळी झोपेत स्टीलचा नळ धरला आणि विंचू चावल्यासारखा हात मागे घेतला, नंतर आम्ही नळाला जुना टॉवेल गुंडाळला. पाणी साधं किंवा कोमट, थंड काही नाही, बाहेर गार वारा असेल तर तोंडावर रुमाल. थंड घोट गेला तर घशात असं होऊ शकतं की श्वासच अडकला, हवा आत जात नाही. हे आधी माहिती नसेल तर माणूस फार घाबरतो. अशा वेळी बसा, काहीतरी कोमट प्या, सावकाश श्वास घ्या, बहुतेकदा काही मिनिटांत जातं. नाहीच गेलं किंवा श्वास खरंच लागायला लागला तर मात्र लगेच फोन. पण सलाईन चालू असतानाच अंगावर पुरळ, खाज, चेहरा सुजल्यासारखा, धाप असं काही वाटलं तर ते वेगळं आहे, ती अ‍ॅलर्जी असू शकते, तिथल्या तिथे नर्सला सांगायचं.

किमोच्या गोळ्यांनी तळहात-तळपाय लाल होतात, हुळहुळतात, सोलतात. पहिल्या दिवसापासून युरियावालं क्रीम लावा, गरम पाण्यात हात-पाय नको, घट्ट चपला नको. तुम्हाला शुगर आहे आणि पायाला संवेदना कमी असू शकते, म्हणून रोज रात्री जमिनीवर आरसा ठेवून तळवे बघायचे. हा दोन मिनिटांचा नेम मी तुम्हाला हात जोडून सांगते. दुखायला लागलं की गोळी चालू ठेवून कळ काढायची नाही, विचारायचं.

लगेच फोन कधी, रात्री दोन वाजता असला तरी. ताप ३८ डिग्री सेल्सियस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त, थंडी वाजून हुडहुडी, तर आधी तापाची गोळी घेऊन बघू असं करायचं नाही, पांढऱ्या पेशी कमी असताना इन्फेक्शन तासातासाने वाढतं आणि गोळीने ताप दबला की ते लपतं. छातीत दुखलं, दडपल्यासारखं झालं तर पुढची कॅपेसिटाबिन घेऊ नका, पंप असेल तरी लगेच कळवा, ही औषधं कधीकधी हृदयाच्या रक्तवाहिन्या आवळतात. पाणीसुद्धा टिकत नाही, लघवी कमी झाली, तोंडात इतके फोड की खाता येत नाही, तेव्हाही. सुट्टीच्या दिवशी आणि रात्री कुठला नंबर उचलतात हे पहिल्याच भेटीत विचारून मोठ्या अक्षरात लिहून लावा, आणि तो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये.

घरच्यांना त्रास होऊ नये म्हणता. ताई, तुम्ही गप्प बसलात तर त्यांना जो त्रास होतो तो मी भोगलाय, तो बटणाचा प्रसंग माझ्या डोळ्यासमोरून अजून जात नाही आणि मी बाजूला बसून हो ला हो करत होते हे जास्त टोचतं. त्यांना कामं वाटून द्या. एकाने वही लिहायची, एकाने सलाईनच्या दिवशी सोबत, एकाने गोळ्यांची वेळ. गोळ्या दुसऱ्या कुणी हाताळल्या तर हातमोजे घालून, आणि सलाईननंतर ४८ तास संडासचं झाकण लावून दोनदा फ्लश, एवढीच काळजी, बाकी नातवंडांना जवळ घ्यायला काही हरकत नाही, फक्त कुणी सर्दी-तापाने आजारी नसावं.

याच वळणावर असलेल्या बाकीच्यांसाठी थोडंसं. तुमची दुसरी स्टेज असेल तर किमो लागेलच असं नाही, गाठ टी४ होती का, बारापेक्षा कमी नोड तपासले गेले का, आतडं अडकलं किंवा फुटलं होतं का, आणि एमएमआरचा रिपोर्ट काय, हे विचारल्याशिवाय हो किंवा नाही म्हणू नका. वय कमी असेल आणि पुढे मूल हवं असेल तर ती गोष्ट पहिल्या सायकलच्या आधी काढायची, लाजायचं नाही. पोटावर पिशवी असेल, विशेषतः लहान आतड्याची, तर जुलाबाने शरीरातलं पाणी फार भराभर जातं, पिशवी किती वेळा रिकामी करता ते लिहीत जा. आणि वय सत्तरच्या पुढे असेल तर ऑक्झॅलिप्लॅटिनचा फायदा आपल्याला नक्की किती हे मोकळेपणाने विचारा, त्या वयात तो फायदा तितका स्पष्ट दिसलेला नाही.

ताई, उद्या सकाळी दवाखाना उघडला की फोन करा. पहिलं वाक्य हेच, "मला दहा वर्षं शुगर आहे आणि माझ्या तळपायांना मुंग्या येतात, हे मी आधी सांगितलं नव्हतं." मग तारीख मागा. आणि पहिल्या सलाईनला आठ दिवस झाले की मला परत लिहा, बोटं कशी आहेत, पोट कसं आहे, किती चाललात ते सगळं लिहा. नुसतं "बरी आहे" असं लिहून पाठवू नका.